म्युऑनचं घड्याळ
सापेक्षतेच्या गणितात आगगाडी ठरलेलीच; गडचिरोली जिल्ह्यात ती भेटते वडशाला. पण बल्लारशा-गोंदिया गाडीत सबंध प्रवास केला तरी मनगटावरचं घड्याळ सेकंदाच्या अब्जांशाइतकंही मागे पडत नाही. तेव्हा याच जिल्ह्यातल्या भामरागडच्या पोरांना उदाहरणाला म्युऑन हा सूक्ष्म कणच द्यावा. साधारण १५ किलोमीटर उंचीवर जन्मतो, सरासरी २.२ मायक्रोसेकंद जगतो; प्रकाशाच्या ०.९९९ पट वेगानंही ६६० मीटरांत आटोपायला हवा. तरी तळहात पसरा, सेकंदाला एखादा आरपार जातोच! पोरं काळ ताणला जाण्याचं सूत्र घोकतात आणि त्यातल्या गॅमा या गुणकानं गुणायचं की भागायचं इथं अडतात. (शिकवणारेही अडतात, बोलत नाहीत इतकंच.) आधी विचारावं, हे २.२ कुणाच्या घड्याळातले? म्युऑनच्या. मग जमिनीवरच्या घड्याळासाठी गॅमानं, म्हणजे या वेगाला २२.४ नं, गुणा: ४९ मायक्रोसेकंद, म्हणजे जवळजवळ पावणेपंधरा किलोमीटर.