सरळ रेषेतले पन्नास किलोमीटर

नकाशावर सोनाळ्यापासून दोन रेषा ओढून पाहा. एक उत्तरेला, सातपुडा ओलांडून मेळघाटातल्या धारणीपर्यंत. दुसरी दक्षिणेला अकोल्यापर्यंत. दोन्ही साधारण ५० किलोमीटर भरतात. पण अकोल्याला गाडी सपाटीवरून जाते. धारणीसाठी आधी पूर्वेला अकोट गाठायचे, मग व्याघ्र प्रकल्पातला घाट. अंतर दुपटीच्या वर जाते. १६ एप्रिल २०२५ रोजी अमरावतीहून मुंबईची विमानसेवा सुरू झाल्यापासून ‘मग आमच्या पट्ट्याला हवाई रुग्णवाहिका का नाही?’ असे लोक मला विचारतात. प्रश्न रास्त आहे. हिशेब मात्र नीट मांडला पाहिजे.

ताशी २०० किलोमीटरने हेलिकॉप्टर हे ५० किलोमीटर १५ मिनिटांत कापेल. त्याआधी निरोप, परवानगी, हेलिकॉप्टर उभे असेल तिथून इथवरचा प्रवास. नंतर उतरल्या जागेपासून रुग्णालयापर्यंत पुन्हा गाडी. (आत आवाज इतका, की स्टेथोस्कोप निरुपयोगी.) शिवाय सर्पदंशाचे रुग्ण सर्वाधिक येतात ते पावसाळ्यात, बरेचसे रात्री. खाली उतरलेल्या ढगांत, दिवे नसलेल्या मैदानावर कोणता वैमानिक उतरेल?

सर्पदंशात तेवढ्याच वेळात जागेवर काय होते, ते पाहा. कोरड्या काचेच्या नळीत थोडे रक्त घेऊन २० मिनिटे स्थिर ठेवायचे. गोठले नाही तर विष रक्तात भिनले आहे आणि प्रतिविष लगेच सुरू करायचे. पहिल्या मात्रेला साधारण १० कुप्या लागतात. बाळंतपणानंतरच्या रक्तस्रावाचेही तसेच. ट्रानेक्झॅमिक ॲसिडचे इंजेक्शन ३ तासांच्या आत द्यावे लागते आणि दर १५ मिनिटांच्या उशिराने त्याचा फायदा सुमारे १० टक्क्यांनी घटतो. हे सगळे प्राथमिक आरोग्य केंद्रात करता येते. पोहोचवण्याचे काम २०१४ पासून १०८ची रुग्णवाहिका करते आहे. पण आधी हे उपचार झाले असतील, तरच त्या प्रवासाला अर्थ.

ऑस्ट्रेलियात १९२८ पासून ‘उडते डॉक्टर’ आहेत. त्यांच्या विमानाचे कौतुक सगळेच करतात. पण त्या सेवेने दूरदूरच्या वस्त्यांवर पायडलचे रेडिओ पोहोचवले आणि औषधांच्या पेट्याही ठेवल्या. डॉक्टर रेडिओवरून सांगणार, घरातली व्यक्ती पेटीतले औषध देणार. कित्येकदा विमान उडवावेच लागत नसे. आपल्याकडे हातोहाती मोबाइल आहेत, पेटीचे काय?

हेलिकॉप्टर येईल तेव्हा येवो. छातीला मार लागलेल्या किंवा व्हेंटिलेटरवरच्या रुग्णासाठी दिवसाउजेडी त्याचा उपयोग नक्की आहे. तोवर पुढच्या ग्रामसभेत तीन गोष्टी विचारा. आपल्या केंद्रात आज प्रतिविषाच्या किती कुप्या आहेत? वीज गेल्यावर ऑक्सिटोसिन थंड कसे राहते? आणि रात्री दोन वाजता रक्ताची पिशवी सर्वांत जवळ कुठे मिळते?