झाडे लाविली, पण रान कोठे आहे?

वनमहोत्सवाचे दिवस आले की कचेऱ्यांच्या आवारांत खड्डे खणले जातात, रोपे लागतात, भाषणे होतात. आणि पुढील आषाढात बहुधा त्याच खड्ड्यांत नवी रोपे लागतात. १९५० साली कन्हैयालाल मुनशी यांनी हा उपक्रम सुरू केला तेव्हा त्यांचा हेतू निःसंशय चांगला होता. परंतु झाडांची गणती म्हणजेच अरण्य, ही जी समजूत सरकारदरबारी रूढ झाली आहे, तिचा समाचार घेणे आम्हांस अगत्याचे वाटते.

सह्याद्रीचे सदाहरित रान का विरळ झाले, असे विचारताच बोट दाखविले जाते ते कुमरी करणाऱ्या गरीब रानकऱ्याकडे. इंग्रज अंमलदारांनी तेच केले आणि कुमरीवर निर्बंध घातले. मात्र आगगाडीच्या रुळांखाली आणि जहाजांत जे लाकूड गेले, ते काय रानकऱ्याने नेले? स्वातंत्र्यानंतर धनी बदलला, रीत बदलली नाही. काळी नदीवर धरणे झाली, खाणी झाल्या, मिश्र रान तोडून साग, निलगिरी व अकेशिया यांच्या रांगा उभ्या राहिल्या. दप्तरात त्यांचीही नोंद 'वन' अशीच!

कारवार जिल्ह्यातील बांबूची हकीकत या दृष्टीने मोठी बोलकी आहे. कागदगिरणीला पुरणारा बांबू १९७० नंतरच्या दशकात आटू लागला, तेव्हा दोष गावकऱ्यांच्या माथी आला. माधव गाडगीळ व त्यांचे सहकारी प्रत्यक्ष बेटे पाहावयास गेले. गावकरी बेटाच्या बुडाशी असलेले काट्यांचे जाळे न हलविता वरच्या अंगाने बांबू तोडीत. गिरणीसाठी तोडणारे मात्र 'बेट मोकळे केले की वाढ चांगली' असे म्हणून काटे साफ करीत. मग कोवळे कोंब गुरे आणि साळिंदरे फस्त करीत. आता अडाणी कोणास म्हणावयाचे?

१९८३ च्या सप्टेंबरात शिरसी तालुक्यातील सळकणीच्या लोकांनी झाडांना मिठ्या मारून तोड अडविली. त्या 'अप्पिको' चळवळीला जे उमगले ते वनखात्याला उमगावयास हवे होते.

गेलेले रान परत आणता येते, पण उत्सवाने नव्हे. शेजारी मूळ रान शिल्लक असेल तर धनेश आणि वटवाघळे बी आणून टाकतात. माणसाने वणवा आणि चराई थोपवावी, घाणेरीसारखे तण काढावे, आणि वाट पाहावी. जेथे बी पोहोचतच नाही तेथेच लागवड करावी, तीही त्याच डोंगरातील नाना जातींची. सावलीत जन्मणारी रोपे उघड्या माळावर उन्हात लावणे म्हणजे त्यांना मारणेच होय. अण्णामलैच्या डोंगरात वालपराई येथे चहाच्या मळ्यांत अडकलेले रानाचे तुकडे याच धीराच्या मार्गाने गेली वीसहून अधिक वर्षे सावरले जात आहेत.

आपल्या खानापूर तालुक्यात हा प्रश्न घरचाच आहे. कणकुंबीला मलप्रभा उगम पावते, म्हादईचे पाणीही याच डोंगरांतले. त्या पाण्याच्या वाटणीवर लवादाने २०१८ साली निवाडा दिला. पण पावसाचे पाणी जमिनीत मुरवून फाल्गुनापर्यंत ओढे वाहते ठेवणाऱ्या रानाची बाजू तेथे कोणी मांडली? भीमगडाला २०११ साली अभयारण्याचा दर्जा मिळाला, हे बरे झाले. त्याच्या भोवतालच्या उजाड टेकड्यांचे काय?

यंदा किती लाख रोपे लाविली, हे वनाधिकाऱ्यांनी आम्हांस सांगू नये. तीन वर्षांपूर्वी लाविलेल्यांपैकी किती जगली, आणि ती किती जातींची होती, एवढेच त्यांनी जाहीर करावे.