मूल बोलते व्हावे

शाहू महाराजांनी १९१७ मध्ये कोल्हापूर संस्थानात प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचे केले. मुलाला शाळेत न धाडणाऱ्या पालकाला दरमहा एक रुपया दंड ठेवला. आज याच भागातल्या मुरगूडची मुले शाळेत पोहोचतात, पण मागच्या बाकावरची कित्येक गप्पच राहतात. कागलच्या आनंद यादवांनी ‘झोंबी’ या आत्मचरित्रात लिहिले आहे : बापाने शाळा सोडवून मळ्यात जुंपलेला मुलगा पुन्हा वर्गात आला, मराठीच्या मास्तरांनी त्याला सर्वांपुढे कविता म्हणायला लावली आणि तो गुरे राखताना स्वतःच्या कविता जुळवू लागला. गप्प मुले अशीच बोलती व्हावीत म्हणून शिक्षकांनी बोलीतल्या उत्तराला मान द्यावा, चुकणाऱ्याला कोणाला हसू देऊ नये. पालकांनी रोज दहा मिनिटे मुलाकडून मोठ्याने वाचून घ्यावे. शाळा व्यवस्थापन समित्यांनी हा विषय पुढच्याच बैठकीत घ्यावा.