वाढदिवसाची हकीकत

2025 च्या मे महिन्यात आमच्या भूगावात एका पाच वर्षांच्या मुलीचा वाढदिवस मोठ्या थाटाने साजरा झाला. पुण्याहून चांदणी चौक ओलांडून पौडकडे निघाले, की थोड्याच अंतरावर आमचे गाव लागते. जेथे एके काळी भाताची खाचरे होती, तेथे आता उंच इमारती उभ्या आहेत आणि रस्त्याच्या कडेने मंगल कार्यालये झाली आहेत. त्यांपैकीच एका कार्यालयात हा समारंभ होता. दोनशेच्या वर पाहुणे, फुग्यांची कमान, जादूचे प्रयोग, ध्वनिक्षेपकावर गाणी. केक कापावयाची वेळ आली तेव्हा रात्रीचे साडेनऊ वाजून गेले होते आणि उत्सवमूर्ती आईच्या खांद्यावर गाढ झोपली होती. तिला उठविले. ती रडू लागली. तिच्या हातात सुरी देऊन छायाचित्र काढले आणि मंडळी जेवणाकडे वळली.

या थाटाची थट्टा करावी असे मला वाटत नाही. ही मुलगी 2020 च्या मे महिन्यात जन्मली. करोनाच्या साथीमुळे त्या वर्षी 25 मार्चपासून देशभर टाळेबंदी होती. तिच्या बारशाला आजोळची माणसेदेखील येऊ शकली नव्हती. आत्याने बाळाच्या कानात सांगावयाचे नाव मोबाइलवरून सांगितले होते. तेव्हा राहिलेली हौस घरच्यांनी पाचव्या वर्षी फेडून घेतली, यात नवल ते काय?

परंतु त्यानंतर पाच दिवसांनी मी त्यांच्या घरी गेलो तेव्हा मला निराळाच वाढदिवस पाहावयास मिळाला. त्या दिवशी तिची तिथी होती. चांद्रवर्ष आपल्या नेहमीच्या वर्षाहून सुमारे अकरा दिवसांनी लहान असते आणि अधिक महिना घालून ते अंतर भरून काढतात. म्हणून तिथी आणि तारीख दरवर्षी मागेपुढे होतात. मात्र एकोणीस वर्षांनी त्या पुन्हा जवळजवळ एकत्र येतात. तुमच्या एकोणिसाव्या वाढदिवशी पंचांग उघडून पाहा!

घरी दारात रांगोळी होती. मुलीला पाटावर बसविले होते. तबकात निरांजन, अक्षता, सुपारी आणि सोन्याची अंगठी. आईने औक्षण केले, मग आजीने, मग पणजीने. मार्कंडेयादी चिरंजीवांचे स्मरण करून तीळ आणि गूळ घातलेले दूध मुलीला दिले. इमारतीतील तिचे सातआठ सोबती श्रीखंड-पुरीची वाट पाहत बसले होते. तेवढ्यात मुलगी म्हणाली, “पणजी, माझी गोष्ट सांग ना!”

पणजीने ती सांगितली. मध्यरात्री आईच्या पोटात कळा येऊ लागल्या. रस्त्यावर चिटपाखरू नव्हते. चांदणी चौकात पोलिसांनी गाडी अडविली आणि कारण कळताच वाट मोकळी करून दिली. दवाखान्यात एकाच माणसाला आत सोडीत; म्हणून बाबा आत गेले आणि आजोबा पहाटेपर्यंत गाडीत बसून राहिले. ही हकीकत त्या मुलीला पाठ होती. पणजी एखादा तपशील विसरली, की ती लगेच आठवण करून देई. “आजोबांच्या पायांत दोन निराळ्या चपला होत्या, ते राहिलं!” सगळी मुले खो खो हसली. कार्यालयातील जादूगारालाही त्यांना इतके हसविता आले नव्हते.

मुलांनो, एक गोष्ट तुमच्या कधी ध्यानात आली आहे काय? आपल्या आयुष्यातील सर्वांत मोठा प्रसंग म्हणजे आपला जन्म, आणि नेमका तोच आपल्याला आठवत नाही. तो दुसऱ्या कोणीतरी आपल्यासाठी जपून ठेवलेला असतो. म्हणून वाढदिवसाला सर्वांत अगत्याचे पाहुणे कोण, असे मला कोणी विचारले, तर मी म्हणेन, ज्यांना तो दिवस आठवतो ते. बाकीची मंडळी मागाहून.

माझेच पाहा. शाळेच्या दप्तरात माझी जन्मतारीख 1 जून 1960 अशी आहे आणि ती खोटी आहे. पूर्वी खेड्यापाड्यांत जन्माची नोंद क्वचितच होई. शाळा जूनमध्ये सुरू होत असे. मुलाला सहा वर्षे पूर्ण झालेली दिसावीत, म्हणून गुरुजी बिनदिक्कत 1 जून लिहून टाकीत. महाराष्ट्रात या एका तारखेला जन्मलेली वडीलधारी माणसे तुम्हांला घरोघर भेटतील. खुशाल आपल्या आजोबांना विचारून पाहा. माझी आई मात्र सांगे, “पानशेतचं धरण फुटलं तेव्हा तू नुकता रांगू लागला होतास. मार्गशीर्षातल्या गुरुवारी झालास.” पानशेत फुटले 12 जुलै 1961 रोजी. त्या आधीच्या मार्गशीर्षात चार गुरुवार होते. त्यांतला माझा कोणता, हे विचारायचे मला सुचले तेव्हा आई या जगात नव्हती. पुढे शिक्षक झाल्यावर मीही काही मुलांच्या नावांपुढे 1 जून लिहिली. त्यांच्या आयांना दोन प्रश्न अधिक विचारले असते, तर खरा दिवस सापडला असता. ती खंत अजून माझ्या मनात आहे.

खुद्द शिवाजी महाराजांच्या जन्मतारखेविषयी पुष्कळ वर्षे वाद चालला होता. बराच काळ 1627 हे वर्ष मानले जाई. भोरजवळील कारी गावच्या जेधे देशमुखांच्या घराण्यात मात्र एक शकावली, म्हणजे घडलेल्या गोष्टींची वर्षवार टिपणे, जपून ठेवलेली होती. लोकमान्य टिळकांनी ती 1916 साली प्रसिद्ध केली. तीत महाराजांचा जन्म शके 1551, फाल्गुन वद्य तृतीयेचा दिला आहे, म्हणजे 19 फेब्रुवारी 1630. याच तारखेला आज महाराष्ट्र शासन शिवजयंती साजरी करते. एवढ्या थोर पुरुषाचा जन्मदिवसही कोणीतरी टिपून ठेवला, म्हणूनच आपल्या हाती आला.

आता 1969 च्या कायद्याप्रमाणे प्रत्येक जन्माची नोंद करावी लागते आणि ती 21 दिवसांच्या आत करावयाची असते. जगातील राष्ट्रांनी 1989 साली केलेल्या बालहक्कांच्या करारातही, जन्मताच नोंद होणे हा प्रत्येक मुलाचा हक्क मानला आहे. हे फार चांगले झाले. पण दाखल्यात तारीख असते. आजोबांच्या निराळ्या चपला नसतात.

मी मुख्याध्यापक असतानाची एक घटना सांगतो. आमच्या शाळेत वाढदिवसाला मुले नवे कपडे घालून येत आणि वर्गात चॉकलेटे वाटीत. पाचवीतील एक मुलगी कधी गैरहजर राहत नसे, तरी हजेरीपत्रकात जुलैमधील एका दिवशी तिची रजा दिसली. मागील वर्षी पाहिले, तर तीच तारीख. त्याही मागील वर्षी तीच. मी तिची जन्मतारीख काढली आणि सारा उलगडा झाला. तिची आई बांधकामावर मजुरी करीत होती. चाळीस चॉकलेटे आणणे शक्य नव्हते, म्हणून मुलगी आपल्याच वाढदिवशी घरी लपून बसे.

मी वर्गात खाऊ वाटण्याची प्रथा बंद करावयाचे ठरविले. काही शिक्षकांना ते रुचले नाही. मुलांचा आनंद का हिरावून घ्यावा, असे ते म्हणाले. त्यांचे म्हणणे अगदीच चुकीचे नव्हते. म्हणून त्या जागी आम्ही दुसरी रीत घातली. ज्याचा वाढदिवस असेल त्याने घरच्यांना विचारून आपल्या जन्माच्या दिवसाची हकीकत वर्गाला सांगावयाची. एका मुलाच्या घरी सांगणारे कोणी उरले नव्हते. त्याची हकीकत गावच्या म्हाताऱ्या सुईणीने येऊन सांगितली. पुढच्या जुलैमध्ये ती मुलगी शाळेत आली. तिच्या जन्माच्या दिवशी लावणी चालू होती आणि तिची आई दुपारपर्यंत खाचरात उभी होती. ही हकीकत ऐकताना वर्गात कोणी हूं की चूं केले नाही.

भूगावच्या त्या घरी गोष्ट संपल्यावर मुलीने पणजीला विचारले, “तुझा वाढदिवस कधी असतो?” पणजीच्या आधारपत्रावर 1 जानेवारी छापलेली आहे, ती तारीख आपली नव्हे, हे तिला ठाऊक आहे. ती म्हणाली, “सांगणारं कुणी राहिलं नाही गं.” मुलीने क्षणभर विचार केला. मग ती पाटावरून उठली, पणजीचा हात धरून तिला पाटावर बसविले आणि आईला म्हणाली, “निरांजन पुन्हा लाव.”