आधी काम, मग कॉन्फिगरेशन

‘घर पाहावं बांधून आणि लग्न पाहावं करून’ असं आपले वाडवडील सांगून गेले. त्यांच्या काळी कॉम्प्युटर नव्हता, नाहीतर ‘पीसी पाहावा असेंबल करून’ हेही त्यांनी नक्की जोडलं असतं! फायनल इयरचे प्रोजेक्ट सुरू झाले की आमच्या हॉस्टेलवर नवनवी कोटेशन्स फिरायला लागतात. समजा चौघांचा ग्रुप आहे आणि प्रत्येकी २० हजार काढायचे ठरले. झाले ८० हजार. त्यात कुणाची स्कॉलरशिप असते, कुणाच्या घरच्या सोयाबीनचे पैसे असतात. आणि कोटेशनच्या पहिल्या ओळीत काय? दुकानातला सगळ्यात मोठा प्रोसेसर. दुसऱ्या ओळीत ग्राफिक्स कार्ड. रॅम आणि पॉवर सप्लाय उरलेल्या पैशांत, आणि वर कॅबिनेटला रंगीत दिव्यांचे चार पंखे. गणपतीची आरास करायची असेल तर ठीक आहे, पण आपल्याला प्रोजेक्ट करायचाय ना?

माझं म्हणणं सरळ आहे. आपलं सॉफ्टवेअर नेमकं कशासाठी खोळंबतं ते आधी शोधा आणि पैसा तिथे घाला.

‘जास्त कोअर म्हणजे जास्त वेग, यात शोधायचं काय?’ असं कुणी म्हणेल. याचं उत्तर जीन ॲमडाल या तज्ज्ञाने १९६७ मध्येच देऊन ठेवलंय. कामाचा जो भाग एकामागून एक असाच करावा लागतो, तोच शेवटी वेगाला वेसण घालतो. समजा ९० टक्के काम वाटून घेता येतं आणि १० टक्के येत नाही. अशा वेळी १६ कोअर लावले तरी वेग ६.४ पटच वाढतो, आणि कितीही कोअर लावले तरी १० पटींच्या पुढे जात नाही. मेसमध्ये पोळ्या लाटायला सोळा जण बसवले आणि तवा एकच ठेवला तर रांग हलेल का?

आता आपली कामं बघा. कॅडमध्ये मॉडेल बनवताना बरंचसं काम एकाच कोअरवर चालतं. तिथे कोअर थोडे असले तरी चालतील, पण वेगवान हवेत. रेंडरिंगला मात्र सगळे कोअर कामाला लागतात. फायनाइट एलिमेंटचा मोठा प्रॉब्लेम बऱ्याचदा रॅमवर अडतो. मॅट्रिक्स रॅममध्ये मावलं नाही की सॉल्व्हर डिस्कवर लिहायला लागतो आणि मिनिटांचं काम तासांवर जातं. अशा कामाला प्रोसेसर एक पायरी खालचा घ्या, पण रॅम ३२ किंवा ६४ जीबी घ्या. तीही दोन सारख्या स्टिकमध्ये, कारण एकच स्टिक लावली तर मेमरीचा अर्धा रस्ता बंद राहतो. मात्र स्टुडंट व्हर्जन वापरणार असाल तर त्यात मेश किती मोठं चालतं ते आधी तपासा. जे मेश चालणारच नाही त्याच्यासाठी रॅम कशाला? एआयच्या डेटा सेंटर्सच्या मागणीमुळे २०२५ च्या अखेरीस रॅमच्या किमती भडकल्या, तेव्हा हा हिशोब किती महत्त्वाचा आहे ते सगळ्यांनाच कळलं.

ग्राफिक्स कार्डाचंही तेच. मॅटलॅबचं जीपीयूवरचं गणित एनव्हिडियाच्याच कार्डावर चालतं, तिथे आवडीनिवडीचा प्रश्नच नाही. डीप लर्निंगला कार्डावरची मेमरी आधी बघावी, कारण मॉडेल तिच्यात मावलं पाहिजे. आणि काम नुसतं कोडिंगचं असेल तर प्रोसेसरमधलं ग्राफिक्स पुरतं. फक्त इंटेलच्या ज्या प्रोसेसरच्या नावाशेवटी ‘एफ’ असतो, त्यात ते नसतं एवढं लक्षात ठेवा.

सगळ्यात महाग ते सगळ्यात भरवशाचं, हाही गैरसमजच. इंटेलच्या १३ व्या आणि १४ व्या पिढीतले वरचे प्रोसेसर अस्थिर होऊ लागले, तेव्हा जास्त व्होल्टेज हे त्याचं कारण असल्याचं कंपनीने २०२४ मध्ये मान्य केलं आणि वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली.

आता आपल्या खऱ्या शत्रूकडे वळू, तो म्हणजे हॉस्टेलची लाइट. रात्री लावलेलं सिम्युलेशन पहाटे संपत आलेलं असताना लाइट जाते, आणि मग तुमचा तो मोठा प्रोसेसर काय कामाचा? यूपीएसवर ६०० व्हीए लिहिलेलं असलं म्हणजे तो ६०० वॅट देतो असं नाही. या मापाचे बरेच यूपीएस जेमतेम ३६० वॅट देतात, आणि त्यातच मॉनिटरही आला. पॉवर सप्लायवरचं ‘८० प्लस’ फक्त वीज किती वाया जात नाही ते सांगतं, आतला माल चांगला असल्याची हमी देत नाही. म्हणून या दोन गोष्टींत काटकसर नको. आणि यूपीएस असला तरी सॉल्व्हरला मधूनमधून सेव्ह करायला लावाच.

‘पुढे लागेल म्हणून आत्ताच मोठं घेऊ’ असंही ऐकू येतं. पुढे लागेल ते पुढे घेता येतं, त्यासाठी मदरबोर्डवर जागा मोकळी ठेवा म्हणजे झालं. आज गरज किती आहे ते कळायला फार काही लागत नाही. लॅबच्या मशीनवर आपलाच प्रॉब्लेम चालवा आणि टास्क मॅनेजर उघडून बसा. एकच कोअर धावतोय आणि बाकीचे झोपलेत? रॅम गळ्यापर्यंत भरलीय? की डिस्क १०० टक्क्यांवर अडकलीय? अर्ध्या तासात कोटेशन आपोआप बदलेल.

डिपार्टमेंटच्या सरांना आणि मॅडमना एक विनंती. प्रोजेक्ट रिपोर्टमध्ये एक पान याचं असू द्या. मेश केवढं होतं, रॅम किती लागली, किती तास लागले हे त्यावर लिहिलेलं असलं की ज्युनिअर्सना दुकानदाराच्या शब्दावर विसंबावं लागणार नाही. आणि रेक्टर सरांनी हॉस्टेलच्या सॉकेट्सचं अर्थिंग एकदा तपासून घेतलं तर सगळ्यांच्याच मशीन्स त्यांना दुवा देतील.

बाकी मित्रांनो, पैसे तुमचे आणि निर्णयही तुमचाच. पण व्हायवाला आलेले एक्स्टर्नल कॅबिनेटमधले दिवे बघून मार्क देत नाहीत. ते विचारतात, ‘मेश एवढंच का घेतलं?’ आणि त्याला ‘सर, रॅम पुरली नाही’ हे काही उत्तर होत नाही.