गाभण म्हशीला ढेप, गर्भार सुनेला उरलीसुरली भाकर!



म्हैस गाभण राहिली की आपण काय करतो? उसनवारी करून का होईना, सरकीची ढेप आणतो. पऱ्हाटी फुलावर आली आणि पावसाने ताण दिला तर रात्र रात्र डोळा लागत नाही. ताण पडला की पाती गळतात, हे आपल्याला कुणी शिकवावे लागत नाही. मग त्याच घरात सून गर्भार असते तेव्हा हे शहाणपण कुठे जाते? ती सर्वांच्या मागून जेवते. टोपल्यात उरलेली भाकर आणि तळाचे कालवण तिच्या वाट्याला. वर उपदेश, "कमी खा, मूल मोठे झाले तर बाळंतपण अडेल." हा उपदेश घातकी आहे. अर्धपोटी आईचे मूल कमी वजनाचे निपजते. आईच्या अंगात रक्त नसेल तर बाळंतपणातला रक्तस्राव तिच्या जिवावर बेततो.

सातव्या महिन्यात मात्र हिरवी साडी, फुलांची वाडी, डोहाळजेवण! एका दिवसाचे कौतुक. एरवी तिने काही मागितले तर ते जिभेचे चोचले. आपले जुने वैद्य जास्त शहाणे होते. सुश्रुतसंहितेत गर्भार बाईला दोन हृदयांची म्हटले आहे आणि तिची इच्छा मारू नये असे सांगितले आहे. चिंच, आवळा मागितला तर खुशाल द्या. पण ती माती, राख, खडू खाऊ लागली तर हसण्यावारी नेऊ नका. अंगातले लोह कमी झाल्याची ती अनेकदा खूण असते, आणि मातीबरोबर जंतही पोटात जातात. लगेच रक्त तपासून घ्या. गर्भारपणात हिमोग्लोबिन 11 ग्रॅमच्या खाली गेले म्हणजे पंडुरोग. 2019 ते 2021 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या निम्म्याहून अधिक गर्भवती अशा निघाल्या.

आता सरकारची दानत पाहा. 2013 च्या अन्नसुरक्षा कायद्याने सरकारी नोकरदार सोडून प्रत्येक गर्भवतीला किमान 6,000 रुपये कबूल केले. 2017 साली योजना आली ती पहिल्या मुलापुरती आणि 5,000 ची. 2022 पासून दुसऱ्या खेपेला 6,000, पण मुलगी झाली तरच! दुसरा मुलगा झाला तर त्याची आई नऊ महिने वारा खाऊन राहिली होती काय? 5,000 ला नऊ महिन्यांच्या दिवसांनी भागा. रोजचे साडेअठरा रुपये येतात. कायद्यात कबूल केलेले प्रत्येकीला मिळालेच पाहिजे. ती भीक नव्हे.

पण सरकारला शिव्या दिल्याने सुनेच्या ताटात घास पडत नाही. कापूस वेचते ती, चुकारा जातो आपल्या खिशात. त्या चुकाऱ्यातून पहिला खर्च तिच्या खाण्याचा झाला पाहिजे. ज्वारीची भाकर, तुरीचे दाट वरण, पालेभाजी, वर लिंबाची फोड, मूठभर शेंगदाणे आणि गूळ. यातले बहुतेक आपल्याच रानातले आहे. जेवणावर लगेच चहा नको, तो लोह अंगी लागू देत नाही. उपकेंद्रात लोहाच्या गोळ्या फुकट मिळतात. रोज एक, निदान 180 दिवस घ्यायची. गोळी डब्यात पडून राहिली तर रक्त वाढत नाही.

या सभेतून जाताना प्रत्येकाने दोन ठराव घेऊन जावे. कायद्यातली रक्कम प्रत्येक खेपेला, प्रत्येक आईला मिळावी, हा सरकारसाठी. गर्भार बाई घरात सर्वांच्या आधी जेवेल, हा आपल्यासाठी. पहिल्याला मोर्चा लागेल. दुसरा आज संध्याकाळपासून अमलात आणा!