माहेरचा सातबारा

शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, असे आपल्याकडे म्हणतात. म्हणणाऱ्याने कोर्ट पाहिलेले असते यात शंका नाही. पण आपण पायरी चढलो नाही तरी कोर्टाचा निकाल आपल्या बांधावर येतोच. सर्वोच्च न्यायालयाचे तीन निकाल आम्ही शिरगावच्या जिल्हा बैठकीपुढे चर्चेला ठेवत आहोत. एक दिवाणी, एक फौजदारी आणि एक घरातला. पहिल्या दोहोंत शेतकरी फिर्यादीच्या जागी आहे. तिसऱ्यात त्याला पिंजऱ्यात उभे राहावे लागते. म्हणूनच या पानाची जास्त जागा तिसऱ्याला दिली आहे.

दिवाणी निकालाची सुरुवात पुण्यातच झाली. महापालिकेसाठी जमीन संपादन झाली आणि मोबदला मालकांच्या हाती न पडता सरकारी खजिन्यात गेला. 24 जानेवारी 2014 रोजी न्यायालयाने सांगितले, खजिन्यात भरले म्हणजे मालकाला दिले असे होत नाही, संपादन संपले. शेतकऱ्याला हायसे वाटले. पण 6 मार्च 2020 रोजी पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने इंदूरच्या प्रकरणात हा निकाल फिरवला. 2013 च्या कायद्यात शब्द होते की, पाच वर्षे जुन्या निवाड्यात ताबा घेतला नसेल 'किंवा' मोबदला दिला नसेल तर संपादन रद्द. घटनापीठ म्हणाले, इथे 'किंवा' म्हणजे 'आणि' असे वाचायचे. त्या एका 'किंवा'त किती एकर गेले, हे तलाठ्याच्या दप्तरात सापडणार नाही.

फौजदारी निकाल कापूसवाल्यांच्या कामाचा आहे. व्यापारी गाडी भरून नेतो, चेक देतो आणि चेक वटत नाही. 1 ऑगस्ट 2014 रोजी महाराष्ट्रातल्याच एका प्रकरणात निकाल लागला की, ज्याने चेक दिला त्याची बँक जिथे असेल तिथल्या कोर्टात फिर्याद करावी. म्हणजे बुडालेल्या पैशासाठी शेतकऱ्याने परराज्यात खेपा घालायच्या! 2015 मध्ये कायदा दुरुस्त झाला. आता आपले खाते ज्या शाखेत, तिथल्या कोर्टात फिर्याद होते. मात्र चेक परत आल्याचे कळल्यापासून 30 दिवसांत लेखी नोटीस, ती मिळाल्यावर व्यापाऱ्याला 15 दिवसांची मुदत, आणि त्यानंतर महिन्याच्या आत फिर्याद, या तारखा पाळाव्या लागतात. 'पुढच्या बाजारी देतो' हे ऐकत बसलात तर तारीख गेली.

आता तिसरा निकाल. 11 ऑगस्ट 2020 रोजी न्यायालयाने सांगितले की वडिलोपार्जित जमिनीत मुलीचा हक्क मुलासारखाच जन्माने येतो. 9 सप्टेंबर 2005 रोजी, म्हणजे केंद्राची दुरुस्ती लागू झाली त्या दिवशी, बाप जिवंत होता की नव्हता हे पाहायचे नाही. 2015 च्या एका निकालाने बाप हयात असण्याची अट घातली होती, ती गेली. 20 डिसेंबर 2004 पूर्वी रीतसर झालेल्या वाटण्या कायम आहेत. पण 'आमची तोंडी वाटणी कधीच झाली' हे आता सहजी चालणार नाही. त्याला सरकारी कागदाचा भक्कम आधार लागेल.

दोन गोष्टी नीट लक्षात घ्या. बापाने स्वतः कमावलेल्या जमिनीचे मृत्युपत्र तो आजही करू शकतो. आणि नोव्हेंबर 2024 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने सांगितले की बाप 1956 पूर्वी वारला असेल आणि मागे विधवा असेल, तर त्या जमिनीत मुलीला वारसा नाही. हा कायदा हिंदू, बौद्ध, जैन, शीख यांचा. मुसलमान आणि आदिवासी बांधवांचे नियम वेगळे.

खरे तर हा कायदा महाराष्ट्राला नवा नाही. दिल्लीच्या अकरा वर्षे आधी, 22 जून 1994 पासून, मुलीला जन्माने हक्क देणारी दुरुस्ती आपल्या राज्यात लागू होती. त्या तारखेआधी लग्न झालेल्या मुली तिने वगळल्या होत्या, एवढेच. कायदा आला आणि कपाटात बसला. बाप गेला की वारसनोंद होते, बहिणींची नावे लागतात, बहुतेकदा 'इतर हक्कात'. मग दिवाळीला किंवा राखीला बहीण माहेरी आली की तिला जीपमध्ये घालून दुय्यम निबंधकाकडे नेतात. हक्कसोडपत्रावर अंगठा, तिथेच चहा, जाताना साडीचोळी.

शिरगावकरांना हे सांगायची गरज नाही. द्रुतगती मार्ग आला आणि भातखाचराचा भाव गुंठ्यावर आला. आता दलाल आधी बहिणींचा पत्ता काढतो, मग भावाशी बोलतो. कापूस-ज्वारीवाला म्हणेल, आमच्या कोरडवाहू रानाला कोण विचारतो? समृद्धी महामार्ग वर्धा, वाशिम, बुलडाणा, जालना या जिल्ह्यांच्या रानांतूनच गेला. जमीन पिकत नाही तोवर बहीण गप्प असते. मोबदल्याचा चेक आला की भाऊबीज कोर्टात होते.

तुकडे पडतील, असे आम्हाला हमखास ऐकवतात. शेतीशास्त्र शिकलेल्या माणसालाही हा मुद्दा हलका वाटत नाही. चार एकरांच्या खालच्या हलक्या रानात कपाशीचा खर्च निघणे मुश्किल असते. पण वीस एकरांचे चार भावांत चार तुकडे करताना ही चिंता कुठे होती? हिस्सा कागदावर असू शकतो, वहिती एकाची राहू शकते. बहिणीच्या हिश्श्याचा खंड ठरवा, नाहीतर हिस्सा विकत घ्या, पण बाजारभावाने. लग्नात दिले, असेही सांगतात. लग्नात दिले ते सासऱ्याला दिले. हुंडा घेणे-देणे 1961 पासून गुन्हा आहे. गुन्ह्याची पावती दाखवून हिस्सा कापता येत नाही.

सरकी टोकणे, निंदणे, वेचणी, ज्वारीची काढणी, कणसे खुडणे, यात बाईचे हात किती हे आम्ही सांगायला नको. 2015-16 च्या कृषिगणनेत देशातल्या वहितीदारांमध्ये बाया शंभरात चौदाही नाहीत. शेतकरी संघटनेने लक्ष्मीमुक्तीची मोहीम काढली तेव्हा अनेक गावांत नवऱ्यांनी आपल्या हाताने बायकोच्या नावे रान केले. तो सासरचा सातबारा. माहेरचा तसाच राहिला.

पवनेच्या बंद जलवाहिनीविरुद्ध 9 ऑगस्ट 2011 रोजी मावळ द्रुतगती मार्गावर उतरला. बऊरजवळ गोळीबार झाला, तिघे गेले. त्या तिघांत एक बाई होती. आमच्या मर्जीशिवाय आमची जमीन घेता येणार नाही, असे आपण सरकारला सांगतो. मर्जी म्हणजे काय, हे बहिणीला जीपमध्ये बसवतानाही विचारले पाहिजे.

बैठकीपुढे आमचा ठराव असा. कार्यकर्त्यांपैकी ज्यांच्या घरी वारसनोंद व्हायची आहे, त्यांनी बहिणींची नावे कब्जेदार सदरात लावून घ्यावीत. हक्कसोडपत्र करायचेच असेल तर बहिणीला मसुदा आठ दिवस आधी द्यावा, वाचून दाखवावा, आणि मोबदला ठरला असेल तर तो तिच्या नावच्या खात्यात जमा व्हावा. सही करायची नसेल तर माहेर तुटणार नाही, हे भावाने चारचौघांत सांगावे. ठरावावर बोलायला बायांना पहिली संधी राहील. सर्वांनी येताना आपल्या गटाचा चालू सातबारा आणि आठ-अ सोबत आणावा. वकील मंडळी दुपारी दोनपासून मांडवातच बसणार आहेत.